मानाचा प्रमुख

सातपूरच्या एका कारखान्यात, परचेस खात्यात मी टायपिस्ट होते. टायपिस्ट म्हणजे खाली मान घालून खटखट करणारी बाई, असं सगळ्यांना वाटायचं. खटखट मी करायचेच, पण वाचल्याशिवाय टाइप करणं मला कधी जमलं नाही. त्यामुळे नवं मशिन बसवायचा करार आला की त्यातली सगळी भानगड मला साहेबांइतकीच पाठ व्हायची. मशिन कोणतं, किती वजनाचं, कधी येणार, हे पहिल्या दोन पानांत संपायचं. पुढची सगळी पानं नुसती माणसांची. कामाचा प्रमुख कोण, तो रजेवर गेला तर कोण, समितीत कुणी बसायचं, समितीनं कधी भेटायचं, ठरलेलं वेळापत्रक बदलायचं तर कुणाची सही लागणार.

एकदा मी साहेबांना विचारलं, मशिनपेक्षा माणसांचंच एवढं कशाला लिहायचं? ते म्हणाले, "बाई, मशिन भांडत नाही."

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आमच्या आसपासच्या कामगारांनी मिळून घरांची सोसायटी काढली. तीन कंपन्यांचे लोक होते. सातपूरच्या पलीकडे जागा घेतली, जोडघरांची एक ओळ बांधायची ठरली. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. आम्ही तेव्हा चाळीत राहत होतो. आमचे हे, मी, आमची मुलगी आणि माझे सासरे. त्यांना सगळे आबाच म्हणायचे.

आबा येवल्याचे. उभा जन्म शेटच्या मागावर पैठण्या विणण्यात गेला. पदरावर मोर काढायचे की कोयऱ्या, काठ कोणता, रंग कोणता, सगळं शेट ठरवणार आणि आबा विणणार. डोळ्यांनी दगा दिला, सासूबाईही गेल्या, मग हे त्यांना नाशकात घेऊन आले. नाशकात आबांना काम नव्हतं आणि ओळख तर त्याहून नव्हती. सकाळी दाराशी पोतं टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "जेवला का?" शहरात असं कुणी विचारलं की माणूस आधी घड्याळ बघतो आणि मग सायकलवर टांग टाकतो. घरात आज भाजी कोणती करायची, हेसुद्धा आबांना कुणी विचारत नसे.

सोसायटीची बैठक एका शाळेच्या वर्गात भरली. करार लिहून घ्या म्हणून मीच यांच्यामागे लागले होते, म्हणून मलाही बोलावलं होतं. पुरुषांचा एकच सूर, "करारबिरार कशाला? ठेकेदार ओळखीतला आहे."

मी म्हटलं, "ओळखीतला आहे म्हणूनच लिहा. अनोळखी माणसाशी निदान भांडता तरी येतं."

हसले सगळे. पण तयार झाले, कारण टायपिंग फुकटात होणार होतं. मी कारखान्यातल्या करारांच्या धर्तीवर मसुदा केला. जोतं झालं की ते, आणि प्रत्येक स्लॅब टाकण्याआधी लोखंड, सेंट्रिंग समितीनं बघायचं. समितीत तिघं, प्रत्येक कंपनीचा एकेक, म्हणजे कुणी कुणाच्या नावानं ओरडायला नको. तिघांनी एकत्र जागेवर जाऊन बघायचं, मग प्रमुखानं सही करायची. प्रमुखाच्या सहीशिवाय स्लॅब टाकायचा नाही. आणि पदं किंवा अधिकार बदलायचे झाले, तर सगळ्या सभासदांची सभा आणि प्रमुखाची सही, दोन्ही हवं.

समितीपर्यंत सगळं सुरळीत झालं. प्रमुखाच्या नावावर मात्र गाडी अडली. प्रमुख आपल्या कंपनीचा नसला तरी चालेल, पण त्यांच्या कंपनीचा नको, असं तिन्ही बाजूंचं म्हणणं. तासभर नुसती घासाघीस. शेवटी एक जण उठला. युनियनमध्ये पुढारपण करायचा, भाषणाचा आवाज होता त्याचा. म्हणाला, "आबांना करा की! सगळ्यांत वडीलधारे. कुठल्याच कंपनीचे नाहीत. मान म्हणून!"

टाळ्या पडल्या. मी विचारलं, "आबांना विचारलंय का?"

"अहो ताई, त्यात विचारायचं काय? मान आहे, काम थोडंच आहे?"

"काम आहे. कलमात लिहिलंय. वाचून दाखवू का?"

"राहू द्या हो. सेकंड शिफ्टवाल्यांना उशीर होतोय."

झाल्या सह्या. आपल्याकडे ही रीतच आहे. गावात जत्रा असो की लग्न असो, एका म्हाताऱ्याला पुढं बसवायचं, त्याच्या हाती नारळ द्यायचा आणि कारभार मागच्यांनी करायचा. म्हाताऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून सगळं गोडीत चालतं. ह्या लोकांनी तीच रीत स्टॅम्पपेपरवर आणली आणि कागद न वाचताच घरी गेले.

आबांना मात्र मी कागद वाचून दाखवला. त्यांनी तेवढं कलम पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजी माझ्या सहीबिगर स्लॅब पडणार नाय?"

"नाही पडणार."

"आसं लिवलंय?"

"असंच लिहिलंय, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर मागितलं, टोपी झटकली, पोतं काखेत मारलं आणि चालत बांधकामावर गेले. त्यानंतर रोज. तिथं एका लिंबाखाली बसायचे, मजुरांना जेवलात का विचारायचे, आणि ते लोक उत्तरही द्यायचे. संध्याकाळी घरी आल्यावर आबांना सांगायला काहीतरी असायचं. आज विटा आल्या, आज पाणी कमी मारलं, आज गवंड्याच्या पोरीला ताप होता. आमचे हे म्हणायचे, "कशाला उन्हातान्हात जातात?" मी म्हणायचे, "जाऊ द्या हो." मला बरं वाटत होतं. आबा आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच ते घरात असल्यासारखे वाटत होते.

जोत्याची पाहणी दिवाळीच्या सुट्टीत झाली. तिन्ही कंपन्या बंद, समितीचे तिघं हजर. त्यांनी बघितलं, आबांनी सही केली, ठेकेदारानं पेढा दिला. म्हणून खरी मेख कुणाच्या ध्यानात आली नाही.

ती आली उन्हाळ्यात, पहिल्या स्लॅबच्या वेळी. विजेची टंचाई होती, कंपन्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी केलेल्या. त्यात शिफ्टा दर आठवड्याला फिरत्या. समितीतला एक लेथवर काम करायचा, त्याची फर्स्ट शिफ्ट. दुसरा फिटर, त्याची नाईट, म्हणजे दिवसा घोरत पडलेला. तिसऱ्याची सुट्टी भलत्याच वारी. प्रत्येक कंपनीचा एक घेऊन आम्ही न्याय केला खरा, पण हे तिघं एका वेळी एका जागी उभे राहणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

ठेकेदार हुशार. त्यानं एकेकाला गाठलं. लेथवाला शिफ्ट सुटल्यावर येऊन वर नजर टाकून गेला. फिटरला बायकोनं उठवलं, त्यानं अर्धवट झोपेत दारातच सही केली. तिसऱ्यानं निरोप धाडला, माझी काही हरकत नाही. मग ठेकेदार कागद घेऊन लिंबाखाली आला. उरलेलं मला आबांनीच रात्री जेवताना सांगितलं.

"करा सही, आबा. तिघांचंही झालंय."

"येकत्र आले व्हते?"

"एकत्र कसे येतील? शिफ्टा आहेत त्यांच्या."

"मग येतील तवा करू."

"अहो, तुम्हाला लोखंडातलं काय कळतं?"

"कायबी नाय," आबा म्हणाले. "म्हणून तर त्येंना बोलावतोय. मला कळलं आसतं तर मी येकट्यानंच बगून केली आसती."

काम थांबलं. भाड्यानं आणलेला मिक्सर परत गेला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, ती पोती नुसती पडून राहिली. मजूर सावलीला विड्या ओढत बसले. दोनच दिवसांत सभासदांची फौज आमच्या चाळीत उतरली. युनियनवाला पुढे.

"आबा, काय चालवलंय हे? मान म्हणून दिलं होतं तुम्हाला, आणि तुम्ही कारभार करायला बसलात!"

आबा पोत्यावर बसून होते. म्हणाले, "कागदात तसंच लिवलंय."

"कागद राहू द्या हो बाजूला!"

आमचे हे शरमेनं अर्धे झाले होते. ह्या लोकांबरोबर त्यांना रोज उठायचं-बसायचं होतं. ते म्हणाले, "आबा, करून टाका ना सही. एवढं काय आहे त्यात?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढला नाही. म्हणाले, "मला उभ्या जन्मात कुणी काय इचारलं नाय. शेटनं नाय, तू नाय. आता येकदा इचारलंय, तर नीट सांगू दे."

हे खाली बघायला लागले. मी आत चहा टाकायला गेले आणि स्टोव्हला उगाच पंप मारत बसले. त्या क्षणी मला पक्कं कळलं की आता प्रश्न स्लॅबचा नाही. स्लॅब आज ना उद्या पडेल. आबांचं प्रमुखपद गेलं, तर ते पुन्हा दाराशी बसणार आणि लोकांना जेवलात का विचारणार.

बाहेर ठरलंसुद्धा. युनियनवाला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, "ताई, एक ओळ टाइप करा. प्रमुखाचं पद मानद राहील, सहीचा अधिकार समितीतल्या कुणाही एकाला."

"करते," मी म्हटलं. "पण मग कलमाप्रमाणे सगळ्या सभासदांची सभा बोलवा. आणि त्यावर प्रमुखाची सही घ्या."

"म्हणजे? आबांना काढायला आबांचीच सही?"

"हो. तुम्हीच मान्य केलंय. उशीर होत होता ना तेव्हा?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते बरं वाटणं चहा उतू जाईपर्यंतच टिकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती ओळ टाइप केली. कारखान्यात अशा दुरुस्त्या मी कितीतरी केल्या होत्या, अमुक साहेबाऐवजी तमुक साहेब. हात आपोआप चालायचे. ह्या वेळी मला कागद बदलून पुन्हा सुरुवात करावी लागली. घरी येऊन आबांना वाचून दाखवला.

"मानद म्हंजी?"

"म्हणजे नाव राहील. अधिकार नाही."

त्यांनी अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवली. मी म्हटलं, "आबा, सही करू नका. कुणी जबरदस्ती करू शकत नाही तुमच्यावर."

"सभा कुठं हाय?"

"शाळेत."

"सभा बांधकामाच्या जागेवर घ्या म्हणावं. प्रमुख सांगतोय म्हणावं."

सभेसाठी लोकांनी शिफ्टा बदलून घेतल्या, कुणी रजा टाकली, कुणी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. जे लोखंड बघायला जमत नव्हतं, ते म्हाताऱ्याला काढायला बरोबर जमलं. दुपारी सगळे त्या लिंबाखाली गोळा झाले. मीही अर्धा दिवस रजा घेतली होती. युनियनवाल्यानं घसा साफ करून माझा कागद वाचला. वाचून झाल्यावर आबांसमोर धरला.

आबा म्हणाले, "सूनबाईनं वाचलाय. करतो सही. समितीचे आलेत का?"

"आलेत की. हे काय तिघं."

"येकत्र?"

"हो, एकत्रच."

"मग आदी वर जाऊन बगून या. ह्या कागदावर माझी सही पडेस्तवर मीच प्रमुख हाय ना?"

युनियनवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं."

तिघं हसत हसत शिडी चढले. सेंट्रिंगच्या फळ्यांवरून त्यांच्या पायांचा आवाज येत होता. बराच वेळ थट्टा ऐकू आली, मग गॅलरीच्या बाजूला गेल्यावर आवाज बंद झाला. फिटरनं वरूनच ठेकेदाराला हाक मारली. हाक साधी नव्हती.

झालं होतं असं. नकाशा होता फिटरकडे आणि तो दिवसा झोपलेला. लोखंड बघितलं होतं लेथवाल्यानं आणि त्यानं नकाशा उघडलेलाच नव्हता. आता दोघं शेजारी उभे राहिल्यावर दिसलं की गॅलरीच्या जाड सळया नकाशात वरच्या अंगाला होत्या आणि इथं खालच्या अंगाला बांधल्या होत्या. गॅलरीला पुढे आधार नसतो, ती भिंतीतून बाहेर लटकते. तिला वरून धरून ठेवावं लागतं. सळया खाली राहिल्या असत्या तर स्लॅब दिसायला छान दिसला असता, आणि फळ्या काढल्यावर कधीतरी, चार माणसं उभी असताना, सगळ्यासकट खाली आला असता. त्या स्लॅबमध्ये चार घरांच्या गॅलऱ्या होत्या. त्यातली एक आमची होती.

ठेकेदारानं सळया बांधणाऱ्याला शिव्या घातल्या. मग मजूर कामाला लावले. सगळे सभासद खाली उभे राहून बघत होते. कुणी आबांकडे बघत नव्हतं. सळया बदलून होईपर्यंत संध्याकाळ झाली. तिघं पुन्हा वर गेले, पुन्हा बघितलं, खाली येऊन हो म्हणाले. आबांनी स्लॅबच्या कागदावर सही केली. सही करताना ते एकेक अक्षर काढायचे आणि वरची रेघ शेवटी ओढायचे, अगदी डावीकडून उजवीकडे, हात न उचलता.

मला वाटलं, आता माझा कागद कुणीतरी फाडून टाकेल. मी वाट बघत होते. युनियनवाला पुढे झाला.

"आबा, जे झालं ते चांगलंच झालं. पण दर स्लॅबला एवढ्या लोकांनी रजा कशा टाकायच्या? पुढचं काम भराभर व्हायला पाहिजे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"अहो, जनाची नाही तर मनाची तरी!" मी ओरडलेच. "डोळ्यांदेखत बघितलंत ना आत्ता?"

यांनी माझा दंड धरला. बाकीचे चपलांकडे बघत होते. त्यांना आबांचा राग नव्हता, हेही मला दिसत होतं. त्यांना फक्त आपापल्या शिफ्टला जायचं होतं.

आबा म्हणाले, "सूनबाई, दे तो कागद."

"आबा..."

"दे. सगळ्यांची सभा झाली, लिवल्यापरमानं झालं."

त्यांनी तशीच सावकाश सही केली. रेघ ओढली. मग पेन मला परत देताना विचारलं, "ह्यात मी उद्या यायचं नाय, आसं कुठं लिवलंय का?"

"नाही."

"मग येतो."

आणि खरंच जात राहिले. पोतं, लिंब, टोपी, सगळं तेच. पुढचे स्लॅब कुणा एकाच्या सहीवर पडले. ठेकेदार आता आबांसमोर कागद आणत नसे, पण जाता-येता मान लववायचा. घरी आल्यावर आबा विटांचं, पाण्याचं बोलेनासे झाले. मी मुद्दाम विचारायचे, "आज काय झालं, आबा?" ते म्हणायचे, "चाललंय त्येंचं."

घरं पुरी झाली तेव्हा मंडप घातला. भाषणं झाली. युनियनवाल्यानं मोठ्या आवाजात आबांच्या मार्गदर्शनाबद्दल सांगितलं, आमचे प्रमुख म्हणाला, दोनदा म्हणाला. आबांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी आबा खाली बसले नाहीत. नारळ हातात धरून उभेच राहिले. त्यांनी बोलायचं असं कुणी ठरवलं नव्हतं.

"ह्यो नारळ तुमी आदीच द्यायचा," ते म्हणाले. "मी खुशीनं घेतला आसता आन गप बसलो आसतो. तुमी कागदावर काम लिवलं, म्हणून मी काम केलं."

मग नारळ माझ्या हातात देऊन ते आमच्या घराचा जिना चढले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.